डोळे ओले आहेत तोवर सही

कॅन्टीनमध्ये तीनशे माणसं रडत होती आणि माझं सगळं लक्ष भागवत सरांच्या रुमालाकडे होतं.

भागवत सर म्हणजे आमचे प्लांट हेड. चाकणच्या त्या कारखान्यात त्यांच्या सहीशिवाय साधा स्क्रू हलत नसे. ते पहिल्या रांगेत बसले होते. चष्मा काढून हातात घेतलेला आणि रुमाल डोळ्यांना लावलेला. माझ्या मांडीवर एक फाइल होती, फाइलमध्ये एक कागद होता आणि त्या कागदावर त्यांच्या सहीची जागा मोकळी होती. त्यांचे डोळे ओले आहेत तोवर ती सही घ्यायची, एवढाच माझा प्लॅन. स्पीकर, बॅनर, रांगोळी, जिलेबी हे सगळं मी त्या सहीसाठी उभं केलं होतं.

मी सेफ्टी ऑफिसर आहे. वीस वर्षं हेच काम करते. लोकांना वाटतं, हेल्मेट घाला, शूज घाला म्हणून ओरडत फिरणारी बाई. ती मी आहेच. पण खरं काम म्हणजे वरच्या माणसाकडून सही मिळवणं. ती मिळाली नाही की मग ओरडत फिरावं लागतं.

कागद कसला होता ते सांगते. आमच्याकडे पत्र्याचे पार्ट बनायचे, गाडीच्या सीटखाली असतात ते ब्रॅकेट वगैरे. पत्र्याचा कापलेला तुकडा साच्यात ठेवायचा. वरून प्रेस येते आणि धप्पकन त्याला आकार देते. डोळ्याची पापणी लवेपर्यंत काम झालेलं असतं. साच्यात पत्रा आहे की हात, हे प्रेसला कळत नाही. म्हणून मशीनला दोन बटणं देतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे ते साच्यात नाहीत. इतकं साधं गणित.

आता यातली मेख. आमच्या पाच जुन्या प्रेसमध्ये एक रिले नव्हता. रिले म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा, मशीनच्या पॅनलमध्ये बसतो. दोन्ही बटणं बरोबरच दाबली का, आणि पुढच्या खेपेआधी दोन्ही सोडली का, एवढंच तो बघतो. तो नसला की एक बटण कशाने तरी अडकवून दाबलेलंच ठेवता येतं. मग मशीन एका हातावर चालते आणि दुसरा हात मोकळा राहतो. तो मोकळा हात पत्रा नीट करायला साच्यात जातो. माणूस वेडा असतो म्हणून हे करत नाही. तासाला जेवढे पार्ट काढायला सांगितलेले असतात तेवढे दोन हातांच्या शिस्तीत निघत नाहीत, म्हणून करतो. ह्या तासाच्या आकड्याला सगळे काउंट म्हणतात.

चार नंबरच्या प्रेसवर बालाजी होता. लातूरकडचा, तिशीतला, कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. चार वर्षं त्याच मशीनवर. फेब्रुवारीत एका दुपारी तो माझ्या केबिनला आला आणि डाव्या हाताचा ग्लोव्ह टेबलावर ठेवला. ग्लोव्हची दोन बोटं पुढून कापलेली होती, कात्रीनं कापावीत तशी. त्याची स्वतःची बोटं शाबूत होती. ग्लोव्ह एक साइज मोठा होता म्हणून.

"नवीन द्या मॅडम," तो म्हणाला आणि हसला.

मी हसले नाही. तो ग्लोव्ह घेऊन सरळ भागवत सरांकडे गेले.

"पाच प्रेस? म्हणजे प्रत्येक दोन दिवस तरी बंद राहणार ना?" त्यांनी माझा कागद वाचून विचारलं.

"एका वेळी एकच बंद ठेवू, सर."

"आणि डिस्पॅच? कस्टमरची लाइन थांबली तर फोन तुम्हाला येत नाही मॅडम, मला येतो."

मी ग्लोव्ह पुढे केला. "आत बोटं नव्हती हे नशीब, सर."

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. मग बाजूला ठेवला. "हे बघा, रिले लावून माणूस बदलत नाही. माइंडसेट बदलायला पाहिजे. सेफ्टी वीक येतोय ना? काहीतरी इमोशनल करा. मागच्या वर्षीच्या प्रेझेंटेशनला लोक झोपले होते. या वेळी प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

जिना उतरताना मला आधी राग आला. दोन पायऱ्या खाली आल्यावर डोकं चालायला लागलं. पाणीच पाहिजे ना? मग तुमच्याच डोळ्यांत आणते आणि तिथल्या तिथे कागद पुढे करते. मला ही युक्ती फार हुशारीची वाटली. आज सांगताना जीभ जड होते.

गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, मी कुरुळीला बालाजीच्या घरी गेले. बरोबर येळवंडे होते, प्रेसशॉपचे सुपरवायझर. ते मूळचे कुरुळीचेच, त्यामुळे कुठल्या चाळीत कोण राहतं हे त्यांना तोंडपाठ. पत्र्याची खोली, बाहेर पाण्याचा निळा ड्रम, आत टीव्हीवर क्रोशाचा रुमाल. बालाजीची बायको संगीता भेंडी चिरत बसली होती. पाच वर्षांची ईश्वरी बापाच्या पाठीवर लोंबकळत होती.

मी बालाजीकडून आधीच निरोप दिला होता, नवऱ्याला एक पत्र लिहून ठेवा म्हणून. कार्यक्रमात वाचून दाखवायचं होतं. संगीतानं वहीचं पान फाडून लिहिलं होतं. मी वाचलं. 'काळजी घ्या. डबा संपवत जा, अर्धा परत आणू नका. ईश्वरीच्या शाळेचा फॉर्म भरायचा आहे, विसरू नका.' एवढंच.

"छान आहे," मी म्हणाले. "पण थोडं मनातलं लिहिलं असतं तर..."

"हे मनातलंच हाय की ओ मॅडम," ती म्हणाली.

तेवढ्यात ईश्वरी बापाच्या पाठीवरून पुढे आली आणि हात वर करून उभी राहिली. बालाजीच्या एका हातात चहाचा कप होता. त्यानं तिला दुसऱ्या हातानं कडेवर घेतलं, तशी तिनं भोकाड पसरलं.

"रोजचंच हाय तिचं," संगीता म्हणाली. "दोन्ही हातानं उचल म्हणती. एका हातानं घेतलं की रडती."

माझे कान टवकारले. मला खरं तर लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला. मी मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हणाले, "ताई, हेच परत एकदा बोला बरं."

तिनं बोलून दाखवलं. नीट झालं नाही. तिसऱ्या वेळेला तिला हसूच आवरेना. येळवंडेही हसायला लागले. मग मी ती गोष्ट केली. बॅगेतून तो कापलेला ग्लोव्ह काढून तिच्या पुढ्यात ठेवला आणि तो कधी आणि कसा कापला गेला ते सांगितलं. बालाजीनं घरी काहीच सांगितलेलं नव्हतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून आधीच कळलं होतं. कळूनच सांगितलं.

संगीतानं ग्लोव्ह हातात घेतला. कापलेल्या जागेतून आपलं बोट आत घालून पाहिलं. नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"आता बोला," मी म्हणाले.

ती बोलली. "पोरगी दोन्ही हातानं उचल म्हणती. एका हातानं घेतलं की रडती." या वेळी आवाज मध्येच फुटला आणि शेवटचे शब्द नुसत्या श्वासातून आले. मी स्टॉपचं बटण दाबलं. मला हवं ते मिळालं होतं.

निघताना तिची एका फॉर्मवर सही घेतली. आवाज आणि फोटो वापरायला कंपनीला परवानगी, असा तो फॉर्म. छापील, बारीक अक्षरातला.

"कितीदा लावणार माझा आवाज?" तिनं विचारलं.

"एकदाच. कार्यक्रमात."

फॉर्मवर 'कितीही वेळा' असं छापलेलं होतं. ते मी वाचलेलं होतं.

तिनं देहूला काढलेला तिघांचा फोटोही दिला. घाटावर उभे राहून काढलेला, मागे इंद्रायणी. त्यात बालाजीनं ईश्वरीला दोन्ही हातांनी उंच धरलं होतं. अजून काय पाहिजे?

तर तो कार्यक्रम. दिवे मंद केले, पडद्यावर देहूचा फोटो लावला आणि स्पीकरवर संगीताचा आवाज सोडला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. आपल्या पोरांना गावी ठेवून आलेली माणसं होती ती, त्यांचे हुंदके मागपर्यंत ऐकू येत होते. वेल्डिंगचा एक दांडगा गडी तोंडात टोपी कोंबून रडत होता. बालाजी पहिल्या रांगेत, भागवत सरांच्या शेजारीच. त्याचे खांदे हलत होते. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो क्षण टिपलेला फोटो पुढे कंपनीच्या मासिकात छापून आला.

टाळ्या थांबल्या आणि मी उठले. सरांपुढे फाइल धरली. त्यांनी नाक पुसलं, चष्मा लावला, माझा हात हातात घेतला. "मॅडम, माय गॉड. वडील गेले त्यानंतर आज पहिल्यांदा रडलो मी."

"सर, तो रिलेचा कागद."

"हो हो." त्यांनी पेन काढलं आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'चर्चा करू.' खाली तारीख घातली. मग ते जिलेबीच्या टेबलाकडे गेले.

ती चर्चा कधीच झाली नाही. विचारायला गेले की सर म्हणायचे, "आता कशाला? लोक बदललेत मॅडम, डोळ्यांनी बघितलं ना आपण." उलट त्यांनी मला पुढचं काम दिलं. प्रत्येक मशीनवर त्या-त्या ऑपरेटरच्या कुटुंबाचा फोटो लावायचा. काम करताना समोर घरची माणसं दिसली पाहिजेत. मी लावले. तेला-ग्रीसनं खराब होऊ नयेत म्हणून लॅमिनेशन करायचं ठरवलं, आणि साधं नको, चांगलं जाड करा, असं दुकानदाराला मीच बजावून सांगितलं. कस्टमरचे लोक आले की त्या फोटोंचे फोटो काढायचे. आम्हाला वाहवा मिळायची. त्याच महिन्यात नवीन ऑर्डर आली आणि प्रेसशॉपचा काउंट वाढला.

जूनमधली गोष्ट. दुपारचे चार वाजले असतील, सेकंड शिफ्ट नुकतीच लागली होती. मी राउंडला निघाले होते. प्रेसशॉपमध्ये वर्षानुवर्षं काढली की मशीन आधी कानानं कळते. चार नंबरची धप्प, धप्प जरा जास्तच घाईची वाटली. दोन हातांनी काम करणारा माणूस मध्ये थोडा थांबतो. इथे तो थांबा नव्हता.

मी मागच्या बाजूनं गेले. बालाजी उजव्या हातानं बटण दाबत होता. डावा हात साच्यात जात होता आणि बाहेर येत होता. डावं बटण आत गेलेलं होतं. समोर डोळ्यांच्या उंचीला फोटोची जागा रिकामी, चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे शिल्लक. फोटो खाली होता. दुमडून बटणाच्या आणि त्याच्या कड्याच्या मधल्या फटीत दाबून बसवलेला. ईश्वरीचं डोकं आणि बालाजीचे दोन हात तेवढे वर दिसत होते.

"बालाजी, मशीन बंद कर."

त्यानं दचकून लाल बटण दाबलं.

"हे काय आहे?"

"फोटो हाय मॅडम."

"ते मला दिसतंय. इथे काय करतोय तो?"

तो हात पुसायचं फडकं नुसतंच पिळत राहिला. मग म्हणाला, "काय करावं मॅडम, काउंट बसंना गेलाय. दोन दिवस कमी निघाला तर कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, बदली माणूस हाय. मला सांगा, कुठं जावं?"

तेवढ्यात येळवंडे आले. "मॅडम, आवाज नका करू. आपल्यात बोलू ना."

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"आणि गप्प बसलात?"

"समदेच लावत्यात मॅडम. पुठ्ठा लावला तर तेलानं भिजतो, निसटतो. बोल्ट लावला तर खरवडतंय, आडिटवाल्याला दिसतंय. ह्या फोटूला कुनी काय इचारत न्हाई. तुमीच लावल्यात न्हवं?"

हे त्यांनी टोमणा म्हणून नव्हतं म्हटलं. खरंच मला समजावून सांगत होते. बटणाजवळ फोटो दिसला तर कस्टमरचा माणूस काय म्हणणार? किती छान कल्पना, असंच म्हणणार. जाड लॅमिनेशन, तेलात न भिजणारं, न निसटणारं. बटण दाबून ठेवायला याहून सोयीची वस्तू आख्ख्या चाकणमध्ये मिळाली नसती, आणि ती मी माझ्या हातांनी वाटली होती.

मी बाकीच्या चार प्रेस बघितल्या. आणखी दोन ठिकाणी फोटो जागेवर नव्हते. मी जवळ जाईपर्यंत ते जागेवर आले होते.

फोटो खिशात घालून गप्प बसता आलं असतं. येळवंडेंना तेच हवं होतं. पण मला तो ग्लोव्ह आठवत होता. प्रत्येक वेळी एक साइज मोठा ग्लोव्ह कुठून आणायचा? मी रिपोर्ट लिहिला. खरा लिहिला. एक, ऑपरेटरनं बटण अडकवलं. दोन, काउंट असा ठेवलाय की बटण अडकवल्याशिवाय तो निघत नाही. तीन, रिले असता तर अडकवताच आलं नसतं. मला वाटलं, आता तरी सही होईल. हाताला अजून काही झालेलं नाही, पुरावा समोर आहे, आणि पुरावा असा की दगडालाही पाझर फुटावा.

भागवत सरांनी मला बोलावलं. फोटो त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला होता. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"ह्याच्या बायकोचा आवाज ऐकून मी रडलो, मॅडम. मी! तीनशे माणसांसमोर. माझ्या शेजारी बसून हा रडला. आणि तोच फोटो, स्वतःच्या पोरीचा फोटो, बटणात घालतो? ह्याला काळीज आहे का?"

"काळजाचा प्रश्न नाही सर, काउंटचा आहे. आणि रिलेचा."

"माझ्याशी रिलेचं बोलू नका. मी पर्सनली हर्ट झालोय."

मला वाटलं, ते राग काढतायत, निवळतील. ते निवळले नाहीत. त्यांची खरोखरच कोणीतरी फसवणूक केल्यासारखी अवस्था होती. त्यांनी आपले अश्रू दिले होते आणि समोरच्यानं त्याचं मोल ठेवलं नव्हतं. माझ्या रिपोर्टमधला मुद्दा दोन आणि मुद्दा तीन काढला गेला. मुद्दा एक राहिला. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला चौकशी वगैरे लागत नाही. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला की झालं. दुसऱ्या दिवशी बालाजीचा गेट पास मशीननं घेतला नाही. तो कार्ड पुन्हा पुन्हा लावत होता, असं सिक्युरिटीवाल्यानं सांगितलं.

मी दोनदा सरांकडे गेले. दुसऱ्या वेळी म्हणाले, "ॲक्सिडेंट झाला का? नाही ना? मग विषय संपला. झाला असता तर तुम्हीच अडकला असता."

पुढच्या सोमवारी सकाळी गेटवरून फोन आला. कोणी बाई आलीय, मॅडमला भेटायचं म्हणते. मी गेले. सिक्युरिटीच्या केबिनबाहेर बाकावर संगीता बसली होती. पदर डोक्यावर, ईश्वरी मांडीशी. अंगावर ठेवणीतली साडी. साहेबांना भेटायचं म्हणून नेसून आली असावी.

"ह्यांची चूक झाली, कबूल हाय," ती उभी राहून म्हणाली. "पण चार वर्षं एक खाडा नाही मॅडम. साहेबांना एकदा भेटू द्या. ते चांगले हायत. माझा आवाज ऐकून रडले म्हणून हे सांगत होते. मी तोंडानं सांगितलं तर ऐकतील की."

ते मीटिंगमध्ये आहेत, असं मी सांगितलं. मी आत फोन करून विचारलं होतं. "मला नका सांगू हे सगळं, मला त्रास होतो," असं उत्तर आलं होतं. ते उत्तर तिला कसं सांगणार?

आमच्या गेटला लागूनच ट्रेनिंग रूम होती. दर सोमवारी नवीन भरती झालेल्या लोकांचं तिथे इंडक्शन चालायचं, म्हणजे पहिल्या दिवशीची माहिती, नियम वगैरे. खिडकी उघडी होती. आम्ही बोलत होतो आणि आतून स्पीकर सुरू झाला.

"पोरगी दोन्ही हातानं उचल म्हणती. एका हातानं घेतलं की रडती."

ईश्वरीनं मान वर केली. "आई, तू बोलायलीस," ती म्हणाली.

संगीता खिडकीकडे बघत राहिली. आवाज फुटला, तो श्वास आला, आणि मागून व्हायोलिन वाजलं. व्हायोलिन नंतर कोणीतरी घातलं होतं. ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

"एकदाच म्हणाला होतात ना मॅडम?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"मग ते तेवढं बंद करा," ती म्हणाली. "काम देऊ नका. पण माझा आवाज काढा त्यातून. मी ते ह्यांच्यासाठी बोलले होते."

दार उघडलं आणि बॅच बाहेर आली. वीसेक माणसं, नव्या कोऱ्या शूजमध्ये. कोणी बाहीनं डोळे पुसत होतं, कोणी उगाच खोकत होतं. सिक्युरिटीवाला म्हणाला, "ताई, जरा बाजूला व्हा, लोकांना जाऊ द्या." संगीता पोरीला घेऊन भिंतीला लागून उभी राहिली. ते सगळे तिच्यासमोरून गेले. एकानं ईश्वरीच्या गालाला हात लावला आणि डोळे पुसत पुढे गेला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत?

ती रडली नाही. मी रडले, पण केबिनमध्ये येऊन, दार लावून. त्याचा तिला काय उपयोग झाला, असं मला कोणी विचारलं नाही.

मी एचआरला मेल टाकला की त्या बाईची इच्छा नाही, रेकॉर्डिंग थांबवा. दोन ओळींचं उत्तर आलं. परवानगी रीतसर घेतलेली आहे. फॉर्म सोबत जोडला आहे. जोडलेल्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून माझीच सही होती.

रिले लागले. आठ महिन्यांनी. परदेशी कस्टमरचा एक ऑडिटर आला. त्यानं फोटोंचं कौतुक केलं नाही. खिशातली पट्टी काढून डावं बटण दाबून धरलं आणि उजवं दाबून बघितलं. प्रेस खाली आली. त्याच संध्याकाळी भागवत सरांनी सही केली. एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, इलेक्ट्रिशियननं पाचही पॅनल उघडून काम उरकलं. प्रत्येक प्रेस दोन दिवस बंद राहील, हा सरांचा हिशेब होता आणि मीही तो कधी तपासून पाहिला नव्हता.

तोवर बालाजी एका छोट्या शेडमध्ये कामाला लागला होता. मी ती कंपनी पुढे सोडली, आता दुसरीकडे आहे. रहाटणीहून बसनं येते-जाते. दर मार्चमध्ये, सेफ्टी वीक आला की, मी त्याला फोन करते. मागच्या वेळी विचारलं, नवीन मशीनला बटणं तरी दोन आहेत का?

"बटनच नाही मॅडम," तो म्हणाला. "पायडल हाय. पायानं दाबायचं."

म्हणजे दोन्ही हात मोकळे. मला पुढचं विचारवेना, पण विचारलं. "हात ठीक आहेत ना?"

"हायत की मॅडम, दोन्ही. अजून तरी."

मागून ईश्वरीचा आवाज येत होता. ती आता मोठी झाली. उचल म्हणत नाही, असं तो म्हणाला.

संगीताचं रेकॉर्डिंग तिथे अजून दर सोमवारी लागतं, असं येळवंडे सांगतात. नवीन लोक अजून रडतात. आता मला तरुण सेफ्टी ऑफिसर विचारतात, मॅडम, सेफ्टी वीकला लोकांना हलवून सोडेल असं काहीतरी सुचवा. मी त्यांना सांगते, रडवणं अवघड नाही, मी करून बघितलंय. माणूस एकदा रडला की त्याला वाटतं आपण आपल्या वाटचं केलं, आणि तो जिलेबी खायला जातो. सही आधी घ्या.